ठिपकेदार फुलपांखरांचीं कुळें आणि शेतकऱ्याचा बांध

आश्विन लागला, पावसानें उघडीप दिली आणि कपाशीस बोंडें धरूं लागलीं, म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत, घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, शेताच्या बांधावरील एकदांडीच्या फुलांवर नारिंगी रंगाचीं व काळ्या ठिपक्यांचीं फुलपांखरें भिरभिरूं लागतात. शेतकरी त्यांजकडे बहुधा पाहतच नाहीं. आणि पाहिलेंच, तर 'हीं अंडीं घालणार, अळ्या होणार, आणि त्या आमच्या पिकावर तुटून पडणार' असें मनांत आणून फवारणीच्या पंपाकडे वळतो. या दोहोंहून निराळी अशी पाहण्याची एक तिसरी रीत आहे. ती आम्हांस उतारवयांत, आणि तीही हातून एक प्रमाद घडल्यावर कळली. तीच या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

आम्ही कांहीं शास्त्रज्ञ नव्हों. आमचें शिक्षण मराठी मिडल शाळेपुरतें; पुढील सारें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत, सातबाराचे उतारे व पीकपाहणीच्या नोंदी तपासण्यांत गेलें. परंतु त्या कामानें एक गोष्ट अंगीं मुरली. ती ही कीं, नांव सारखें आहे म्हणून खातें एक समजूं नये. आमच्या जिल्ह्यांतच पाहा. पिंपळगांव राजा खामगांव तालुक्यांत, पिंपळगांव काळे जळगांव जामोद तालुक्यांत, पिंपळगांव देवी मोताळा तालुक्यांत, आणि पिंपळगांव सराई बुलढाणा तालुक्यांत. नुसतें 'पिंपळगांव' एवढें लिहून आलेला कागद कोणत्या चावडीवर धाडावा? फुलपांखरांच्या नांवांतही नेमका हाच घोटाळा आहे.

या ठिपकेदार रूपाच्या फुलपांखरांस पाश्चात्य देशांत 'फ्रिटिलरी' असें म्हणतात. लॅटिन भाषेंतील 'फ्रिटिलस' या शब्दापासून हें नांव आलें असें सांगतात, व त्या शब्दाचा अर्थ फांसे टाकण्याचें पात्र असा देतात. पाकळ्यांवर सारीपाटासारखीं घरें असलेल्या एका फुलासही तिकडे याच शब्दापासून नांव मिळालें आहे. म्हणजे हें नांव केवळ अंगावरील नक्षीवरून पडलें. त्यांत नातेंगोतें पाहिलेलें नाहीं. परिणाम असा झाला कीं, जें जें नारिंगी आणि ठिपक्यांचें दिसलें तें तें लोकांनीं फ्रिटिलरी म्हटलें. इंग्लंडांतील दलदलीच्या कुरणांत राहणारी 'मार्श फ्रिटिलरी' ही खऱ्या फ्रिटिलरींच्या उपकुलांतली नव्हे. ती 'निम्फॅलिनी' नांवाच्या निराळ्याच उपकुलांत पडते. 'ड्यूक ऑफ बर्गंडी' म्हणून जें फुलपांखरूं आहे, त्यासही पूर्वीं फ्रिटिलरी म्हणत; पण त्याचें तर कुलच निराळें निघालें.

मग खरें नातें ठरवावयाचें कसें? याचा इतिहास थोडक्यांत देतों. सन १७५८ मध्यें स्वीडन देशाचे लिनियस यांनीं आपल्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत झाडून साऱ्या फुलपांखरांस 'पॅपिलिओ' या एकाच प्रजातींत दाखल केलें. साऱ्या जिल्ह्याचा एकच सातबारा लिहावा, तसाच हा प्रकार झाला. पुढें त्यांचेच शिष्य फाब्रिसियस यांनीं सन १८०७ मध्यें 'आर्गिनिस' ही प्रजाति वेगळी काढली, आणि खऱ्या फ्रिटिलरींस प्रथम स्वतःचें घर मिळालें. तेव्हांपासून पंखांतील शिरांची मांडणी, पायांची रचना, अळीचें रूप व तिचें खाद्य पाहून हिस्से पाडण्याचें काम चालत आलें. आणि अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून त्या जुन्या हिश्श्यांची फेरमोजणी होत आहे. आपल्या देशापुरतें पाहावयाचें तर बिंगहॅम यांचा ग्रंथ १९०५ सालीं निघाला. नागपूरच्या संग्रहालयांतील डी'अब्रू यांनीं १९३१ सालीं मध्यप्रांतांतील फुलपांखरांची यादी छापली. आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें प्रसिद्ध केलेला आयझॅक केहिमकर यांचा सचित्र ग्रंथ २००८ सालचा आहे.

आतां ही वर्गवारी आपल्या परिचयाच्या भाषेंत मांडूं. जिल्हा, तालुका, मंडळ, साझा, गांव व गट अशी जी आपली उतरंड आहे, तशीच येथें गण, कुल, उपकुल, जमात, प्रजाति व जाति अशी आहे. पंखांवर धुळीसारखे खवले असलेल्या कीटकांचा एक गण. त्यांत फुलपांखरेंही आलीं व पतंगही आले. जगांत फुलपांखरांच्या सुमारें १८,००० जाति आहेत, आणि आपल्या देशांत त्यांचीं सहा कुलें आढळतात. त्यांपैकीं सर्वांत मोठें कुल 'निम्फॅलिडी'. त्यांत सुमारें ६,००० जाति मोडतात. या कुलाची खूण शेतांत उभें राहून कोणासही पाहतां येते. फुलपांखरूं फुलावर बसलें कीं त्याचे पाय मोजावेत. कीटकास पाय सहा. परंतु या कुलांतील फुलपांखरूं चार पायांवरच बसतें. पुढची जोडी आंखूड व केसाळ होऊन छातीशीं घेतलेली असते. लिंबाच्या झाडावर येणारें काळें-पिवळें फुलपांखरूं याच्या उलट पुरें सहा पायांवर बसतें, कारण तें दुसऱ्या कुलाचें.

निम्फॅलिडी कुलाच्या पोटांत 'हेलिकोनिइनी' हें उपकुल आहे, आणि त्या उपकुलांत चार जमाती धरतात. पहिली जमात खऱ्या फ्रिटिलरींची. तिच्या जगांत सुमारें शंभर जाति आहेत. त्या थंड हवेच्या रहिवासी. युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिका येथें त्यांचा मोठा विस्तार. आपल्या देशांत त्या हिमालयाच्या उतारांवर व ईशान्येकडील डोंगरांत मिळतात, आणि थेट दक्षिणेस निलगिरी व पळणी येथील उंच गवताळ रानांत. पळणी डोंगराच्या नांवाची तर एक स्वतंत्र जातिच आहे. आमच्या काळ्या रानांत मात्र या जमातीचें एकही फुलपांखरूं आम्हांस अद्याप दिसलेलें नाहीं. दुसरी जमात अमेरिकेंतील 'हेलिकोनियस' व त्यांच्या आप्तांची. तिच्याशीं आपला संबंध नाहीं. उरल्या दोन जमाती आणि त्यांतील आपल्या बांधावरचीं दोन फुलपांखरें. तींच या लेखाचा विषय.

यांतील पहिलें 'कॉमन लेपर्ड'. इंग्रजींत लेपर्ड म्हणजे बिबळ्या. शास्त्रीय नांव 'फॅलंटा फॅलंथा'. ड्रूरी यांनीं १७७३ सालीं त्याचें वर्णन केलें. पंख पसरले असतां दोन-सव्वादोन इंच रुंद, रंग पिंवळसर नारिंगी, वर काळे ठिपके व कडेला नागमोडी रेघा. याचा स्वभाव मोठा अस्वस्थ. फुलावर बसलें तरी पंख हलवीतच राहतें, आणि दुसरें फुलपांखरूं जवळ आलें तर त्यास हुसकून लावतें. ओढ्याकांठच्या ओल्या मातींतही तें पाणी शोषीत बसलेलें आढळतें. याची अळी बारीक व काटेरी असते, आणि कोष हिरवा असून त्यावर रुपेरी व तांबडे ठिपके असतात. तो पानाखालीं लोंबतांना एखाद्या बाळीच्या लोलकासारखा दिसतो.

दुसरें 'टॉनी कोस्टर'. शास्त्रीय नांव 'अ‍ॅक्रिया टर्प्सिकोरी'. जुन्या ग्रंथांत याच्या मंडळीस निराळें उपकुल दिलेलें आहे. आतां तें मोडून हेलिकोनिइनी उपकुलांतील एक जमात केली आहे. याचे पुढचे पंख लांबट व टोंकाशीं गोल, मागच्या पंखाची कड काळी, आणि त्या काळ्या कडेंत पांढुरक्या ठिपक्यांची ओळ. उडणें संथ, जमिनीलगत. एखाद्यास वाटावें याला जिवाची भीतिच नाहीं. आणि तें खरेंच आहे. यास चिमटींत धरलें तर अंगांतून पिंवळा, दुर्गंधी रस सोडतें. याच्या अंगांत सायनाइड उत्पन्न करणारीं द्रव्यें असतात. आमच्या शेतकऱ्यांस हें विष अनोळखी नाहीं. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी खाऊन गुरें दगावतात, तें याच जातीच्या विषामुळें. म्हणून पक्षी याच्या वाटेस सहसा जात नाहींत. हें फुलपांखरूं मूळचें भारत व श्रीलंका येथील. परंतु अलीकडच्या काळांत तें पूर्वेकडे देशोदेशीं पसरत जाऊन २०१२ सालीं ऑस्ट्रेलियांत पोंचलें.

आतां या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे वळतों. अंगावरच्या नक्षीपेक्षां अळीचें ताट अधिक खरें बोलतें. खऱ्या फ्रिटिलरींच्या अळ्या बहुतेक 'व्हायोला' या वनस्पतीच्या पानांवर वाढतात. काष्टौषधींच्या दुकानांत खोकल्यावर बनफशा म्हणून जें वाळलेलें फूल मिळतें, तें याच व्हायोलाचें. आतां आपल्या बांधाकडे पाहा. पावसाळ्यांत रतनपुरुष म्हणून एक वीतभर उंचीचें रोप उगवतें. त्यास एकच मोठी गुलाबी-जांभळी पाकळी असते. हें रोप बनफशाच्याच कुलांतलें, आणि टॉनी कोस्टरच्या अळ्या त्यावर वाढतात. दारांतील मांडवावर चढविलेल्या कृष्णकमळाच्या वेलावरही त्या येतात. कॉमन लेपर्डची अळी रानांतील तांबटाच्या काटेरी झुडपावर वाढते, तशीच नदीकांठच्या वाळुंजावरही. पूर्वीं वनस्पतिशास्त्रज्ञ तांबट व वाळुंज यांस दोन निराळ्या कुलांत घालीत. पुढें आनुवंशिक द्रव्य तपासल्यावर त्यांस कळून आलें कीं, तांबट हा वाळुंजाच्याच कुलांतला. जें नातें पंडितांस इतक्या उशिरां कळलें, त्या दोन्ही झाडांवर हें फुलपांखरूं आधींपासूनच अंडीं घालीत होतें! इतकेंच नव्हे, तर बनफशाचें कुल, कृष्णकमळाचें कुल व वाळुंजाचें कुल हीं तिन्ही एकाच गणांतील निकटचीं आप्त ठरलीं आहेत. हिमालयांतील फ्रिटिलरी आणि आमच्या बांधावरील कोस्टर यांचें गोत्र एक, याचा हा त्यांच्या ताटांतलाच पुरावा.

उलटपक्षीं, रूप सारखें पण ताट निराळें अशींही फुलपांखरें आहेत. रुईच्या झाडावर वाढणारें 'प्लेन टायगर' हें नारिंगी असलें तरी त्याचें उपकुल दुसरें. त्याच्या अळीच्या अंगावर काटे नसतात. काळे, पांढरे व पिंवळे पट्टे असतात आणि पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या. रुईच्या चिकामुळें तेंही विषारी, म्हणून इतर कित्येक त्याचें सोंग घेतात. दक्षिणेंतील व हिमालयांतील एका खऱ्या फ्रिटिलरीची मादी तर पंखाचें टोंक काळें-पांढरें करून हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. एरंडावरील तांबूस 'कॅस्टर' आणि 'जोकर' नांवाचें ठिपकेदार नारिंगी फुलपांखरूं हीं एकमेकांचीं आप्त; दोघांच्याही अळ्या खाजकोलतीवर वाढतात, आणि खाजकोलती ही एरंडाच्याच कुलांतली. या जोकरास पाहून आम्ही प्रथम तें लेपर्डच समजलों होतों.

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'हें सारें ठीक; पण यांत शेतकऱ्याचा लाभ काय?' त्यासाठीं आमचा प्रमाद सांगणें प्राप्त आहे. नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्ही घरची कपाशी स्वतः पाहूं लागलों. एका आश्विनांत बांधाच्या गवतांत तांबूस-काळ्या, अंगभर काटे असलेल्या अळ्या दिसल्या. आम्ही घाबरलों. पिकांवर येणारी केसाळ अळी आम्हीं पूर्वीं पाहिली होती; काटे आणि केस यांतील भेद त्या वेळीं मनांत आला नाहीं. आमच्याकडे बरेच वर्षांपासून असलेला सालदार त्या वेळीं म्हणाला, "बाबूजी, हे अयी पऱ्हाटीले तोंड नाई लावत. बांधावरच रायते." आम्हीं त्याचें ऐकलें नाहीं. ज्याच्याजवळ लिहिलेला कागद नाहीं त्याच्या तोंडी साक्षीस वजन द्यावयाचें नाहीं, ही कचेरींतली संवय. भर दुपारीं, वाऱ्याच्या तोंडाशीं, आम्हीं त्याच्याकडून बांध व लगतचीं तासें फवारून घेतलीं. सायंकाळीं त्यास घेरी आली व ओकाऱ्या होऊं लागल्या. तीन दिवस तो दवाखान्यांत होता. तो वांचला, ही देवाची कृपा. परंतु त्या सालानंतर त्यानें आमच्याकडील काम सोडलें, आणि आम्हीं त्यास 'राहा' असें म्हणण्याचा धीर केला नाहीं.

पुढें कांहीं दिवसांनीं, फवाऱ्यांतून सुटलेल्या एका कोपऱ्यांत तशाच अळ्या आढळल्या. आम्हीं त्यांस त्यांच्या रोपासकट घरीं आणून जाळीच्या डब्यांत ठेविलें. रोप रतनपुरुषाचें होतें. कपाशीचें कोवळें पान आंत टाकलें तर त्यास त्यांनीं स्पर्शही केला नाहीं. यथाकाल पांढुरके, काळ्या रेघांचे कोष झाले आणि त्यांतून कोस्टर बाहेर पडलें. सालदाराचा शब्द अक्षरशः खरा होता. त्यानें नांव जाणलें नव्हतें, पण ताट पाहिलें होतें. सन २०१७ मध्यें आमच्याच वऱ्हाडांत, यवतमाळ जिल्ह्यांत, फवारणींतील विषबाधेनें अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. त्या बातम्या वाचतांना आम्हांस प्रत्येक वेळीं तो बांध आठवला.

म्हणून आमच्या अनुभवावरून चार सूचना करतों.

पहिली : अळी दिसतांच फवारा न मारतां ती कोणत्या झाडावर आहे तें पाहावें. बांधावरील रोपावर असलेली अळी पिकावर येईलच असें नाहीं. पुष्कळ अळ्या उपाशी मरतील, पण परकें पान खाणार नाहींत.

दुसरी : काटा व केस यांतील भेद ओळखावा. आमच्या या दोन फुलपांखरांच्या अळ्यांस ओळींनीं ताठ, फांद्या फुटलेले काटे असतात. केसाळ अळीस मऊ केसांचे झुबके असतात. कपाशीची खरी शत्रु जी शेंदरी बोंडअळी, ती तर बोंडाच्या आंत दडलेली असते. बांधावर उघड्यानें हिंडत नाहीं. तिचा जन्मदाता फुलपांखरूं नसून रात्रीं उडणारा एक बारीकसा पतंग आहे.

तिसरी : शंका असल्यास दोन-चार अळ्या त्यांच्याच झाडाच्या पानांसह जाळीच्या डब्यांत ठेवाव्यात आणि शेजारीं पिकाचें पान टाकावें. एका रात्रींत उत्तर मिळतें, आणि त्यास कांहीं खर्च नाहीं. पिकाचें पान कुरतडलेलें दिसलें, तर मग कृषि विज्ञान केंद्रांत अळी दाखवून उपाय विचारावा.

चौथी : बांध तणनाशकानें जाळूं नये. इंग्लंडांत जंगलतोडीची जुनी पाळी बंद पडून झाडी दाट झाली, तेव्हां सांवलीमुळें बनफशाच्या जातीचीं रोपें कमी झालीं, आणि त्यांवर जगणाऱ्या कित्येक फ्रिटिलरी जागोजाग नाहींशा झाल्या. तेथें सांवलीनें जें केलें, तें येथें तणनाशक करील. रतनपुरुष गेला कीं कोस्टर गेलें. शिवाय त्याच बांधावर मधमाशा असतात, कोळी असतात, बोंडअळीवर उपजीविका करणाऱ्या गांधीलमाशा असतात. तेही आपलें बिऱ्हाड हलवितात.

ज्यांस या विषयाची गोडी लागेल त्यांस दूर जाण्याची गरज नाहीं. लोणारच्या सरोवराभोंवतींची झाडी, ज्ञानगंगा अभयारण्याच्या टेंकड्या, आणि संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याचें अंबाबरवा, ही तिन्ही ठिकाणें आपल्याच जिल्ह्यांत आहेत. आश्विन-कार्तिकांत सकाळीं ऊन तापल्यावर जावें. जाळें नेऊं नये. एक वही व पेन्सिल पुरे. तारीख, गांव, फुलपांखरूं ज्या झाडावर अंडीं घालीत होतें तें झाड, आणि बसतांना दिसलेले पाय, एवढ्या चार रकान्यांची नोंद ठेवावी. पीकपाहणीचा तक्ता भरणाऱ्या आमच्यासारख्यास ती करतां आली, तर शाळेंतल्या मुलांस खासच करतां येईल.

आमच्या बांधावर रतनपुरुष आतां पुन्हां उगवूं लागला आहे. गेल्या आश्विनांत त्यावर काटेरी अळ्या होत्या, आणि दोन हातांवरची कपाशी त्यांच्यापासून सुरक्षित होती. आमचा तो जुना सालदार हल्लीं दुसऱ्याच्या शेतावर असतो. बाजाराच्या दिवशीं भेटला तेव्हां आम्हीं त्यास त्या अळ्यांची हकीकत सांगितली व 'तुझें म्हणणें खरें होतें' असेंही सांगितलें. तो हंसला आणि कपाशीचा भाव विचारूं लागला. वाचकांपैकीं कोणी पंप उचलण्यापूर्वीं आपल्या शेतावरच्या माणसास एकदां विचारील, तर हा लेख लिहिल्याचें आम्हांस समाधान वाटेल.